लग्नाची पंचविशी, निवडणुकीची ड्युटी आणि वेंगेन: एका निवांत सहलीची आखणी

आधी माणसं. मुलुंड पूर्वेला राहणारं जोडपं. नवरा ५४ वर्षांचा, सरकारी बँकेत अधिकारी. दोन वर्षांपूर्वी एक स्टेंट बसलेला, गोळ्या चालू, तब्येत ठणठणीत. बायको ५० वर्षांची, अनुदानित शाळेत आठवी-नववीला भूगोल शिकवते. घरात नवऱ्याची ८१ वर्षांची आई आणि ऐरोलीला नोकरी करणारी मुलगी. लग्न ९ मे १९९९ चं. त्या वर्षी मेच्या मध्यालाच अधिक महिना लागत होता, त्यामुळे मिळाला तो मुहूर्त धरून, उन्हाच्या तडाख्यात हॉल घेऊन उरकलेलं. म्हणजे मे २०२४ मध्ये पंचवीस वर्षं पूर्ण.

मी सहली आखून देते. तिकिटं किंवा पॅकेज विकत नाही, आखणीचे पैसे घेते. या दोघांना पहिल्या भेटीपासून दादा-वहिनी म्हणत आले, इथेही तेच म्हणते.

काम घेऊन आली ती मुलगी, जानेवारीत. ‘आईबाबांना कुठेतरी निवांत पाठवायचंय, परदेशात,’ एवढं तिचं म्हणणं. सोबत तिने एका ग्रुप टूरचा कार्यक्रम पाठवला होता: आठ रात्री, पॅरिस, स्वित्झर्लंड, इटली. ग्रुप टूरबद्दल माझं वाकडं काही नाही. जेवणाची चिंता नसते, भाषेची नसते, आणि सोबत चाळीस माणसं असली की पत्त्यांचा डाव रंगतो. पण त्या कार्यक्रमात आठ रात्रींत पाच हॉटेलं होती आणि बहुतेक दिवस ‘सहा-सात-आठ’चे: सहाला उठवणार, सातला नाश्ता, आठला बस. याला मजेची सहल म्हणा, भरगच्च म्हणा. निवांत कशी म्हणणार?

कोण कशाने दमलंय

जोडप्याला एकत्र बसवून ‘तुम्हाला काय आवडेल’ असं विचारलं की एक जण बोलतो आणि दुसरा मान डोलावतो. म्हणून मी दोघांशी वेगवेगळं बोलते, आणि कुठे जायचं हे विचारतच नाही. तुमचा नेहमीचा दिवस कसा जातो ते विचारते.

दादा बोलले रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर. बँकेत सकाळपासून फोन, वरिष्ठांचे ग्रुप, टार्गेट, ग्राहकांच्या तक्रारी. ‘मला साडेनऊपर्यंत कोणी उठवू नका,’ ते म्हणाले. ‘आणि दर तासाला आता पुढे काय, असं कोणी विचारायचं नाही. बाकी तुम्ही अंटार्क्टिकाला पाठवा.’

वहिनींशी बोलणं झालं शाळेच्या मधल्या सुट्टीत. मुलीची खात्री होती की आईला झोप हवी आहे. वहिनींना झोप नकोच होती. त्या वर्षानुवर्षं पहाटे पाचला उठतात, अलार्म न लावता. ‘झोपून काय करू? मला फक्त संध्याकाळी भाजी काय करायची हा प्रश्न नकोय.’ थोडं थांबून त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. हिमनदीने कोरलेली यू आकाराची दरी त्या दरवर्षी फळ्यावर काढतात: दोन्ही बाजूंना उभे कडे, मध्ये सपाट तळ, कड्याच्या टोकावर लोंबकळती दरी आणि तिच्यातून पडणारा धबधबा. खडूने इतक्या वेळा काढली की हात आपोआप वळतो, पण एकदाही पाहिलेली नाही.

हे ऐकल्यावर माझ्यासमोर दोन वेगळ्या सहली उभ्या राहिल्या. एकाला उशिरापर्यंत लोळायचंय, दुसरीला पहाटे उठून चालायचंय आणि बघायचंय. एकाची सुट्टी म्हणजे हालचाल बंद, दुसरीची म्हणजे घरकाम बंद. दोघांना दिवसभर एकमेकांना चिकटून ठेवलं असतं तर एकाचा तरी हिरमोड ठरलेला होता.

पहिला वाद झाला तो स्वयंपाकघरावरून. मुलीने इंटरनेटवर शोधून किचन असलेली अपार्टमेंटं काढून ठेवली होती. ‘आईलाही बरं, वरणभाताचा कुकर लावता येईल, पैसेही वाचतील.’ पैसे वाचले असते यात वाद नाही. स्वित्झर्लंडमध्ये बाहेर जेवणं किती महाग पडतं ते जाऊन आलेले सांगतातच. पण ओट्यासमोर वहिनींना उभं केलं की ते मुलुंडच झालं, फक्त खिडकीतून डोंगर दिसणार. मी अपार्टमेंटं बाद केली आणि वेंगेन या स्वित्झर्लंडमधल्या डोंगरावरच्या गावात नाश्ता व रात्रीचं जेवण खोलीच्या भाड्यातच असलेलं हॉटेल सुचवलं. तिथे हाफ बोर्ड म्हणतात. खर्च वाढला तो इथे, आणि वाढवायचाच तर इथेच वाढवावा असं माझं मत आहे.

श्रीलंका का नाही, मॉरिशस का नाही

स्वित्झर्लंड हे नाव पहिल्या दिवसापासून नक्की नव्हतं. वहिनींची सुट्टी मेमध्येच, म्हणजे महिना ठरलेला, आणि महिना ठरला की नकाशावरचे अर्धे देश आपोआप गळतात.

श्रीलंका मला मनापासून आवडतं. मुंबईहून कोलंबो अडीच-तीन तासांवर, खर्च बराच कमी. पण मेच्या उत्तरार्धात नैऋत्य मोसमी पाऊस तिथे आपल्या आधी पोहोचतो, आणि बेंटोटा, गॉल हा सगळा किनारा त्याच्याच वाटेवर. पूर्वेकडे त्रिंकोमालीला तेव्हा कोरडं असतं, पण मेमध्ये मुंबईच्या घामातून सुटून पुन्हा समुद्रकाठच्या घामात जायला दोघंही तयार नव्हते. बालीला तेव्हा कोरडा ऋतू असतो. दादा म्हणाले, तिथे सगळी हनिमूनवाली असतात. मी जोर लावला नाही.

मॉरिशस मात्र गंभीरपणे विचारात होतं. भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही, मे महिन्यात हवा सुखद, आणि तिथे पिढ्यानपिढ्या राहिलेला मराठी समाज आहे. दुसरं कुठलंही जोडपं असतं तर मी तिथेच थांबले असते. इथे आडवी आली ती फळ्यावरची दरी. स्वित्झर्लंडमधली, वेंगेनच्या पायथ्याची लाउटरब्रुनेनची दरी ही यू आकाराच्या दरीचं अगदी पाठ्यपुस्तकी उदाहरण आहे, आणि मेमध्ये वरचं बर्फ वितळत असल्याने तिथले धबधबे भरून वाहतात. त्यातला श्टाउबबाख एकटा जवळजवळ ३०० मीटरवरून कोसळतो. वहिनींना मी एक फोटो पाठवला. उत्तरात त्यांनी त्याच फोटोवर बोटाने लाल रेघ मारून यू काढून पाठवला. निर्णय तिथेच झाला.

मेची एक खोड आधीच सांगून टाकली. आल्प्समध्ये एप्रिल-मे हा दोन हंगामांमधला काळ. उंचावरच्या पायवाटांवर बर्फ असतं, काही रोपवे देखभालीसाठी बंद असतात, काही हॉटेलं महिन्याच्या अखेरीस उघडतात. धावपळ करून सगळं बघायला निघालेल्याला हे खटकतं. आमच्या कामी ते आलं. बघण्याच्या गोष्टी आपोआप कमी झाल्या, आणि दादांना ‘हे राहिलं, ते राहिलं’ म्हणायला जागा उरली नाही.

तारीख

ही सगळ्यांत अवघड गाठ होती, आणि ती बाहेर कुठे नाही, मुंबईतच बसली होती.

मुलीला ९ मे हा दिवस सहलीत हवा होता. त्यासाठी ५ मेची तिकिटं ती जानेवारीतच काढायला निघाली, कारण तेव्हा भाडं कमी दिसत होतं. पण २०२४ हे लोकसभेचं वर्ष आणि वहिनी शिक्षिका. अनुदानित शाळेतल्या शिक्षकाला निवडणुकीची ड्युटी चुकत नाही. मुलीचं म्हणणं, मागच्या दोन्ही वेळा मुंबईचं मतदान एप्रिलमध्येच झालं. बरोबर होतं ते. २०१४ ला २४ एप्रिल, २०१९ ला २९ एप्रिल. तरी मी थांबायला सांगितलं. निवडणूक आयोगाची घोषणा झाल्याशिवाय शिक्षिकेचं मेचं तिकीट काढणं म्हणजे जुगार, आणि हरलात तर रजा नाही, तिकिटाचे पैसेही नाहीत. दादा बँकेतले, त्यामुळे त्यांना हे पटलं. मुलगी आठवडाभर माझ्यावर नाराज होती, रोज वाढत जाणाऱ्या भाड्याचे स्क्रीनशॉट पाठवत होती.

१६ मार्चला घोषणा झाली: सात टप्पे, मुंबईच्या सहाही जागांचं मतदान पाचव्या टप्प्यात, २० मेला. मग हिशेब सरळ झाला. १९ तारखेला साहित्य घेऊन केंद्रावर जायचं, २० ला मतदान, ते संपल्यावर यंत्रं जमा करून घरी पोहोचायला किती वाजतील याचा नेम नाही. २१ तारीख नुसती झोपण्यासाठी सोडली, २२ बॅगा आणि घरासाठी. विमान २४ च्या रात्रीचं, थेट मुंबई-झुरिक.

‘२४ च्या रात्रीचं’ यात एक खड्डा आहे आणि त्यात माणसं पडतात. विमान मध्यरात्रीनंतर सुटतं, म्हणजे तिकिटावर २४ तारीख, पण विमानतळावर पोहोचायचं २३ च्या रात्री. मी मोबाइलमधल्या कॅलेंडरवर अवलंबून राहत नाही. देवघराशेजारच्या कालनिर्णयवर २३ च्या चौकोनात ‘आज रात्री ९ ला टॅक्सी’ असं लिहून घेतलं.

थांबल्यामुळे तिकिटं महाग पडली, हे खरं. आणि लग्नाचा वाढदिवस सहलीत आला नाही, हेही खरं. ९ मेला गुरुवार होता. वहिनी दिवसभर निवडणुकीच्या प्रशिक्षणाला गेल्या आणि संध्याकाळी चौघं मुलुंडमध्येच जेवायला गेले. मला वाटलं होतं त्याचं वाईट वाटेल. उलट त्यामुळे सहलीवरचं ओझं उतरलं. अमुक रात्री केक, अमुक ठिकाणी मेणबत्त्या, असलं काही जुळवावं लागलं नाही.

व्हिसाची गोष्ट थोडक्यात. स्वित्झर्लंडसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधीपर्यंत करता येतो. तेव्हा शुल्क ८० युरो होतं, ११ जून २०२४ पासून ते ९० झालं. मेच्या सुट्टीसाठी सगळी मुंबई एकाच वेळी रांगेत असते, म्हणून तारखा ठरल्याच्या दुसऱ्या दिवशी अपॉइंटमेंट घेतली. दादांना बँकेचं ना-हरकत पत्र आणि वहिनींना शाळेचं, या दोन कागदांना बाकी सगळ्या कागदांपेक्षा जास्त दिवस लागले. सरकारी नोकरीवाल्यांनी सुरुवात तिथूनच करावी.

आठ रात्री, अडीच मुक्काम

तीन रात्री ल्युसर्न, चार रात्री वेंगेन, शेवटची एक विमानतळाजवळ. ती शेवटची रात्र मला नकोच होती, पण परतीचं विमान सकाळचं, आणि वेंगेनहून झुरिक विमानतळ गाठायला तीन तासांहून जास्त लागतात. पहाटे अंधारात निघण्यापेक्षा आदल्या दिवशी दुपारी निघालेलं बरं. म्हणून मी याला अडीच मुक्काम म्हणते: एक गाव, एक डोंगर, आणि उरलेला अर्धा झोपेपुरता.

पहिल्या दिवसावर मी सगळ्यांत जास्त विचार केला. रात्रीचं विमान झुरिकला सकाळी लवकर उतरतं. विमानतळाखालीच रेल्वे स्टेशन, तिथून थेट गाडी तासाभरात ल्युसर्नला. म्हणजे नऊच्या सुमाराला हे दोघं, रात्र विमानात काढून, हॉटेलच्या काउंटरसमोर उभे. खोली मिळणार तीनला. बहुतेक कार्यक्रमांत इथे ‘सामान ठेवून शहर पाहा’ असं लिहिलेलं असतं. ५४ वर्षांच्या, हृदयाच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाने न झोपता सहा तास शहर कशाला पाहावं? आम्ही आदल्या रात्रीचंही भाडं भरलं, म्हणजे २३ तारखेपासूनच खोली आमची. पोहोचले, अंघोळी केल्या, दुपारी एकपर्यंत झोपले. मुलीला हे पैसे पाण्यात घातल्यासारखे वाटले होते.

रेल्वे, बस आणि बोटींना चालणारा स्विस ट्रॅव्हल पास आठ सलग दिवसांचा घेतला, दुसऱ्या वर्गाचा, तेव्हा माणशी ४१९ फ्रँक. फ्रँक ९२ रुपयांच्या आसपास होता. २४ ते ३१ मे बरोबर आठ दिवस होतात, आणि १ जूनला हॉटेलचीच गाडी विमानतळावर सोडणार होती. नुसती बेरीज-वजाबाकी करून सुटी तिकिटं थोडी स्वस्त बसली असती. पण पास असला की बोट आली की चढा, कंटाळा आला की उतरा, पाऊस आला तर उलट्या गाडीने परत या. तिकिटाच्या खिडकीशी दादांना ‘आता पुढे काय’ ठरवावं लागत नाही. निवांतपणाची ती किंमत आहे, आणि मला ती रास्त वाटते.

दिवसांची आखणी अशी केली की घड्याळाला बांधलेली गोष्ट दिवसाला जास्तीत जास्त एक. ल्युसर्नला एक दिवस रिगी: बोटीने फिट्झनाऊ, तिथून दातेरी रुळावरची गाडी. १८७१ मध्ये सुरू झालेली ही युरोपातली पहिली डोंगरी रेल्वे. वर १,७९८ मीटर, दोन्ही प्रवास पासमध्ये. बाकीचे दिवस कोरे. मग ब्रुनिग खिंडीवरून इंटरलाकेन, पुढे लाउटरब्रुनेन आणि शेवटची छोटी गाडी वेंगेनला. वेंगेन १,२७४ मीटरवर, दरीच्या एका कड्यावर, आणि तिथे मोटारगाड्या जात नाहीत. मुलुंडमध्ये एलबीएस रोडचे हॉर्न ऐकत राहिलेल्या माणसाला त्या गावातली पहिली संध्याकाळ थोडी चमत्कारिकच वाटते.

इथे दोघांच्या वेगवेगळ्या सहली एकमेकींत बसल्या. नाश्ता दहापर्यंत. वहिनी साडेपाचला बाहेर पडून चालून येणार, दादा पावणेदहाला खाली उतरणार, आणि एकत्र सहल सुरू होणार तिथून. दोघांनी सकाळी वेगळं असणं हे मी कागदावर लिहूनच दिलं होतं, नाहीतर ‘तू एकटीच कशाला जातेस’ आणि ‘तुम्ही अजून झोपलेलेच’ हे दोन संवाद तिथेही झाले असते.

३,४५४ मीटरचा प्रश्न

युंगफ्राऊयोख ही वेंगेनच्या वरची बर्फातली खिंड मी पहिल्या आराखड्यात घातलीच नव्हती. १९१२ पासून तिथे रेल्वे जाते, उंची ३,४५४ मीटर, आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांशच असतो. मुलुंडहून निघालेलं, स्टेंट बसलेलं माणूस काही तासांत तिथे चढवायचं की नाही हे ठरवणारी मी कोण? दादांना त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. सोबत एका कागदावर प्रत्येक दिवसाची उंची लिहून दिली: ल्युसर्न, रिगी, वेंगेन, म्युरेन, क्लायने शायडेग, युंगफ्राऊयोख. डॉक्टरांना ‘स्वित्झर्लंडला जाऊ का’ विचारलं तर ते ‘जा’ म्हणतील. आकडे दिले तर आकड्यांवर बोलतात. त्यांनी २,०६१ मीटरच्या क्लायने शायडेगपर्यंत बरोबरची खूण केली आणि शेवटच्या आकड्यावर फुली मारली. हे दादांपुरतं. दुसऱ्याच्या डॉक्टरांचं मत वेगळं असू शकतं.

विम्याचंही तेव्हाच पाहिलं. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचं संरक्षण लागतं, आणि सर्वांत स्वस्त पॉलिसीही ती अट पुरी करते. पण त्या पॉलिसीत आधीपासूनचे आजार वगळलेले होते. म्हणजे व्हिसा मिळाला असता, आणि दादांना नेमका जो त्रास होण्याची शक्यता, तोच विम्याबाहेर. स्टेंट जाहीर करून, जिवावरच्या प्रसंगी आधीच्या आजारालाही संरक्षण देणारी पॉलिसी घेतली. हप्ता वाढला. अटींचं पान दादांनी स्वतः वाचलं, मुलीवर सोपवलं नाही.

फुली पडल्यावर विषय संपला असं मी धरलं होतं. पण वहिनींनी नकाशा पाहिला होता. युंगफ्राऊयोखवरून आलेच हिमनदी दिसते, आल्प्समधली सर्वांत लांब, वीस किलोमीटरहून जास्त. त्या काही बोलल्या नाहीत. मी विचारल्यावर म्हणाल्या, ‘त्यांना चालणार नाही ना, मग कशाला. खालूनही डोंगर दिसतातच की.’

मी दादांना फोन केला. सांगितलं की वहिनींना हिमनदी बघायची आहे, त्या म्हणणार नाहीत. पलीकडे दोन क्षण शांतता. मग म्हणाले, ‘तिला एकटीला जमेल का?’

‘मुलुंडहून रोज गर्दीच्या लोकलने दादरला जातात त्या, दादा.’

खरी हरकत मुलीची होती. लग्नाच्या पंचविशीच्या सहलीत आई एकटी डोंगरावर आणि बाबा एकटे खाली, हे तिला विचित्र वाटलं. लोक काय म्हणतील इथपर्यंत गोष्ट गेली. शेवटी मध्यम मार्ग निघाला: दोघांनी वेंगेनहून क्लायने शायडेगपर्यंत एकत्र जायचं, दादांनी तिथे आयगर शिखराच्या समोर चहा घेऊन बसायचं, वहिनींनी पुढच्या गाडीने वर जाऊन तीन-साडेतीन तासांत परत यायचं. वरचं तिकीट आधी काढलं नाही. पासवर २५ टक्के सवलत मिळते, आणि ढगात जाऊन पांढरी भिंत बघण्यासाठी ते पैसे भरण्यात अर्थ नाही. सकाळी वेबकॅमवर शिखर स्वच्छ दिसलं तरच जायचं, असं ठरलं.

घर, डबा, फोन

परदेशापेक्षा घर सोडणं अवघड. आजींजवळ कोण, हा प्रश्न आल्प्सपेक्षा उंच होता. दादांची डोंबिवलीची बहीण येऊन राहिली, मुलीने दोन दिवस घरून काम मागून घेतलं. वहिनींनी फ्रिजवर चिकटवलेला कागद मी पाहिला: गोळ्यांच्या वेळा, दूधवाला, सिलिंडरचा नंबर, ‘आईंना चहा साखर अर्धाच चमचा, त्या एक सांगतील’. आजी म्हणाल्या, ‘मी काय कुकुलं बाळ आहे?’ आणि पुन्हा टीव्हीकडे वळल्या.

फोन दिवसातून एकच, मुंबईच्या रात्री नऊला. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ साडेतीन तास मागे, म्हणजे वेंगेनला संध्याकाळचे साडेपाच. हा नियम मी मुलीला घातला, वहिनींना नाही. ‘आई, आमचूर कुठे आहे’ असे फोन दिवसभर आले असते तर हाफ बोर्डचे पैसे वाया गेले असते.

खाऊच्या बाबतीत मेमध्ये एक मोह असतोच: हापूस. स्वित्झर्लंडमध्ये भारतातून ताजी फळं अशी नेता येत नाहीत, त्यासाठी वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. दूध आणि मांसाचे पदार्थही युरोपबाहेरून न्यायला बंदी आहे, म्हणून पेढे आणि तूपही घरीच. बाकरवडी, चिवडा, लसणाची चटणी गेली. तिथे जेवणं लवकर होतात, साडेसात-आठनंतर स्वयंपाकघर आवरायला लागतात, आणि मुंबईकर रात्री नवाशिवाय ताटावर बसत नाही. म्हणून चिवडा हवाच. प्लगचं एकच: तिथल्या सॉकेटमध्ये आपला तीन पिनांचा प्लग बसत नाही, फोनचे बारीक दोन पिनांचे चार्जर बसतात.

प्रत्यक्षात

मतदानाच्या दिवशी वहिनी घरी आल्या त्या मध्यरात्र उलटून गेल्यावर. २१ तारीख मोकळी ठेवली होती ती अशी कामी आली.

ल्युसर्नला दुसऱ्या दिवशी रिगी झालं. तिसऱ्या दिवशी रविवार, दुकानं बंद, दोघं तलावातल्या बोटीवर बसून राहिले. दादांनी सांगितलं की बोटीवर ते दोनदा झोपले आणि तिकीट तपासनिसाने त्यांना न उठवता पास पाहिला. वेंगेनला दुसऱ्याच सकाळी वेबकॅम स्वच्छ होता. वहिनी वर गेल्या, हिमनदी पाहिली, थोडं डोकं दुखलं म्हणून ठरल्यापेक्षा आधीच्या गाडीने उतरल्या. दादा क्लायने शायडेगला एका जपानी आजोबांशेजारी बसले होते. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नव्हती. आजोबांची बायकोही वर गेलेली.

शेवटचे दोन दिवस पाऊस. त्यासाठी ट्रुमेलबाख राखून ठेवलं होतं, कारण तो धबधबा डोंगराच्या पोटात आहे. आयगर, म्योंख आणि युंगफ्राऊ यांच्या हिमनद्यांचं पाणी खडक कापत आतून कोसळतं. लिफ्ट आहे, पण पुढे पायऱ्या आहेत आणि त्या ओल्या. दादा लिफ्टपाशीच थांबले. वहिनींनी आवाजासकट व्हिडिओ काढला तो नववीच्या वर्गासाठी. म्युरेन राहिलं, थुनचा तलाव राहिला. दोघांपैकी कोणीही त्याचं नाव काढलं नाही. नाव काढलं मुलीने.

विमान, व्हिसा, विमा, हॉटेलं, पास आणि वरखर्च धरून दोघांचा खर्च साडेपाच लाखांच्या आसपास गेला. तिकिटं विमान कंपनीकडून आणि हॉटेलं थेट हॉटेलांकडून घेतल्यामुळे ते पॅकेज ठरलं नाही, म्हणून टीसीएस, म्हणजे परदेशी पॅकेजवर विक्रेता आधीच वसूल करतो तो कर, लागला नाही. ग्रुप टूर घेतली असती तर तेव्हाच्या नियमाने सात लाखांपर्यंत ५ टक्के आधी भरावे लागले असते. ते आयकर विवरणपत्रात वळते होतात, पण तोवर पैसे अडकतात. मुलीने आणलेली टूर आमच्या खर्चापेक्षा स्वस्त होती आणि तीन देश दाखवत होती, हे इथे नोंदवून ठेवते.

जूनमध्ये दादांच्या बँकेतल्या एका सहकाऱ्याचा फोन आला. त्यांच्याही लग्नाला पंचवीस वर्षं होतायत, दादांचा कार्यक्रम त्यांनी पाहिला, तोच तारखा बदलून द्या, आखणीचे पैसे अर्धे घ्या. मी त्यांच्या मिसेसशी बोलायला मागितलं. बाईंना रात्री दहापर्यंत उघडी दुकानं, सोन्याचा बाजार आणि सोबत दोन बहिणी हव्या होत्या. वेंगेनची दुकानं संध्याकाळीच बंद होतात. त्यांची दुबई आखायला घेतली आहे, आणि नवऱ्याला अजून तसं सांगितलेलं नाही. ते काम बाई स्वतःच करणार आहेत.